तोंड माझं, बोलणं पण माझं

सिनेमाअक्का रिक्षावाल्याशी भांडायची तेसुद्धा क्लोजअपमध्ये. आधी ऊन कुठून येतंय ते बघायची, मग चेहऱ्याची डावी बाजू त्याच्याकडे करायची, गॉगल केसांवर चढवायची आणि मगच तोंड उघडायची. "उजवी बाजू कुणाला दाखवायची न्हाय," ती मला बजावायची, "उजवीकडनं मी माझ्या चुलतीसारखी दिसते." तोवर रिक्षावाला भाडं आणि बहुधा स्वतःचं नावही विसरलेला असे.

ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिवानंदची आत्या. राहायला मँचेस्टरला, पण दर हिवाळ्यात सोलापूरला यायची. ऐंशी उलटलेली बाई थंडीसाठी इंग्लंड सोडून इकडे का येते, असं मी एकदा विचारलं. "तितली थंडी नुसती वाजते. हितल्या थंडीत हुरडा मिळतो!" मूळची कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची. वडील तिथल्या बाजारात आडत चालवायचे. घरात कन्नड, दारात मराठी, आणि दोन्ही भाषा एकमेकींच्या चुलीवर निवांत शिजत.

दूरदर्शनवर जुने मराठी चित्रपट ज्यांनी पाहिले, त्यांना तिचा चेहरा आठवेलच. मोठे डोळे, ठसठशीत कुंकू. उंबरठ्यावर उभी राहून ती सासऱ्याला म्हणते, "मामंजी, या घराचा उंबरठा मी ओलांडते आहे. पण मान खाली घालून जाणार नाही." आमच्या आयांच्या पिढीने हे वाक्य पाठ केलं होतं. काहींनी ते घरात वापरूनही पाहिलं, आणि मग आमच्या आज्या काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज कसा, दुधावरच्या सायीसारखा! फक्त तो अक्काचा नव्हता.

हे अक्काला थिएटरात कळलं. चित्रपट सोलापुरात लागला तेव्हा ती दुधनीहून सगळं घर घेऊन आली होती. पडद्यावर तिने तोंड उघडलं आणि त्यातून भलतीच कुणी बोलली. आई कानाशी लागून म्हणाली, "इदु यार दनी?" हा कुणाचा आवाज?  चित्रीकरणाच्या वेळी शब्द न् शब्द अक्का स्वतः बोलली होती. तिला न विचारता मागाहून तो पुसला होता आणि दुसऱ्या बाईंकडून सगळं बोलून घेतलं होतं.

ती तडक निर्मात्याकडे गेली. तो म्हणाला, "बाई, चेहरा लाखात एक. पण तोंड उघडलंत की दुधनी दिसते."

"दिसू द्या की! लई झ्याक गाव हाय."

तो हसला, आणि आवाज दुसरीचाच राहील या अटीवर पुढचा चित्रपटही देऊ लागला. अक्का उठली. "माझ्या तोंडात दुसरीचं बोलणं? मग माझ्या ताटात बी तिलाच बसवा की जेवायला!" नंतर आणखी कुणी कुणी आले. सगळ्यांना चेहरा हवा होता, बोलणं नको होतं. अक्काने सगळ्यांना दार दाखवलं. बघता बघता दारात यायचंच लोकांनी सोडलं.

पुढे लग्न झालं. नवरा मँचेस्टरला कापडाच्या गिरणीत होता, तीही गेली. आणि तिथे बाईंना नोकरी कसली मिळावी? रेल्वे स्टेशनवर कर्ण्यातून गाड्यांच्या घोषणा करायची! हे सांगताना अक्का खुर्चीत ताठ बसायची आणि आमच्या पोह्यांच्या बशीसमोर एक अख्खी इंग्रजी घोषणा करून दाखवायची, दुधनीच्या हेलात. "त्या गोऱ्यांची माझ्यापायी कधी गाडी चुकली न्हाय. त्यांना माझं इंग्रजी कळायचं, आन् आपल्या लोकांना माझं मराठी चालंना!"

तर असा हा दारूगोळा. त्याच्या शेजारी काडी ओढली आमच्या गावच्या रसिक मंडळाने. त्यांनी ठरवलं, चित्रपट दाखवायचा आणि अक्काचा सत्कार करायचा. निवेदन माझ्याकडे. बारशापासून गणेशोत्सवापर्यंत आमच्या भागात माइक म्हटला की मीच असतो, त्यामुळे अक्का मला 'माइकवाल्या' म्हणायची. मंडळाचे अध्यक्ष आणि मी आमंत्रण द्यायला शिवानंदच्या घरी गेलो. चहा आला आणि त्याबरोबर अक्काची अट आली.

"उंबऱ्याचा सीन लागला की आवाज बंद करा. मी बोलते."

अध्यक्षांनी कप बशीत ठेवला. "अहो अक्का, लोक त्या आवाजासाठी येणार आहेत!"

"मग त्या आवाजालाच शाल द्या. कोण होती ती?"

"ते काही कुणाला माहीत नाही."

"बघा! माझं बोलणं नेलं, तिचं नाव नेलं. तुमी सत्कार कुणाचा करताय, पडद्याचा?"

"लोक हसतील, अक्का. कळकळीनं सांगतो."

अक्काने गॉगल केसांवरून काढून मांडीवर ठेवला.  मग हळूच म्हणाली, "हसू द्या. हसले तर दुसऱ्या दिवशी जाते, आन् परत सोलापूरला पाय ठेवणार न्हाय. पण एकदा माझ्या माणसांना माझं ऐकू द्या."

अध्यक्ष म्हणाले, जमणार नाही. मी मात्र तेव्हा हॉलवर सिनेमा लावणाऱ्या ऑपरेटर सलीमभाईंचा विचार करत होतो. त्यांना गाठून मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुम हात उठाओ, मैं आवाज बंद करतूं. बाकी मेरेकु कुछ नई मालूम."

हॉल भरला होता. उंबरठा आला. मी विंगेतून हात वर केला, सायीसारखा आवाज मध्येच तुटला, आणि मी माझा माइक अक्काच्या हातात दिला. अध्यक्ष पहिल्या रांगेतून उठू लागले. पडद्यावरच्या पंचविशीतल्या पोरीने ओठ उघडले आणि खाली उभी असलेली म्हातारी बोलली:

"मामा, ह्या घरचा उंबरा वलांडून चालले मी. पण मान खाली घालून जाणार न्हाय की!"

आता ऐका गंमत. या प्रसंगात वाक्य संपल्यावर तिचे ओठ आणखी एकदा हलतात, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. आम्हाला वाटायचं, दाबलेला हुंदका आहे. त्या मूक हुंदक्यावर जाणकारांनी मान डोलावलेली मी स्वतः पाहिली आहे. अहो, कसला हुंदका! तो 'की' होता! साठ वर्षं तो पोरीच्या ओठांवर नुसता हलत होता, आणि आज त्याला आवाज मिळाला. तोही असा नेमका, की सुई सरकायला जागा नाही.

 मग मागून एक बाई खळखळून हसली.  अक्काने माइक घट्ट धरला. तेवढ्यात ती बाई शेजारणीला ओरडून म्हणाली, "अगं, ही तर आपली हाय की!" आणि टाळ्या अशा पडल्या, की उठलेले अध्यक्ष जणू शाल द्यायलाच उठले होते, असे स्टेजवर आले.

शाल घालून ते कानाशी म्हणाले, "उत्तम! आता व्हिडिओसाठी एकदा शुद्ध भाषेत म्हणा."

"का? मगाशी मळकं होतं व्हय?" अक्का म्हणाली. माइक चालूच होता.

त्यानंतरही ती दर हिवाळ्यात येत राहिली. गेल्या पावसाळ्यात मँचेस्टरहून तिच्या मुलीचा शिवानंदला फोन आला. झोपेत गेली. इथल्या एका वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, उंबरठ्यावरचा. खाली लिहिलं होतं: 'मधुर आवाजाची अभिनेत्री काळाच्या पडद्याआड.'

मी पेपर घडी न करताच फोन लावला. पलीकडे एक तरुण उपसंपादक मुलगी होती. तिला सांगितलं, तो आवाज त्यांचा नव्हता, दुरुस्ती छापा, आणि तो ज्या बाईंचा होता त्यांचं नाव शोधून तेही छापा.

"सर, आता एवढ्या जुन्या गोष्टीत आवाज कुणाचा याने काय फरक पडतो?"

दुसऱ्या दिवशी मी परत फोन केला. तिसऱ्या दिवशीही. दुरुस्ती अजून आलेली नाही, माझा फोन रोज जातो. आता मी नाव सांगायच्या आधीच ती म्हणते, "बोला सर, आवाजावरूनच ओळखलं."

"तेच," मी म्हणतो, "तेच सांगतोय मी."