भागीरथाचा ‘नंतर’चा पाय

गोंदियाकडे फ्लेक्सवर चढायचे मार्ग ठरलेले आहेत. एकतर वाढदिवस असावा, नाहीतर माणूस निवडून आलेला असावा, नाहीतर वारलेला. भागीरथाबाई यातल्या कशातच बसत नव्हती. वाढदिवस तिला ठाऊक नव्हता, निवडणुकीला ती कधी उभी राहिली नव्हती, आणि मरायला सध्या सवड नव्हती, कारण धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आला होता. तरीही ती फ्लेक्सवर चढली. एका पायाच्या जोरावर.

हा पाय समजून घ्यायचा तर आधी चपला समजून घ्याव्या लागतील.

तिरोड्याहून बोदलकसाकडे जाताना जी गावं लागतात, त्यातल्या एका गावात भागीरथाचं घर. गावातल्या रोवण्याच्या टोळीची ती म्होरकी. कोणत्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कधी उतरायचं, ओळ कुठून धरायची, कुणी मागे पडलं की त्याचा उद्धार कोणत्या शब्दांत करायचा, हे सगळं तिच्याकडे. तरुणपणी कधीतरी कुठलातरी डास चावला आणि डावा पाय सुजायला लागला. गाव त्याला हातीपाय म्हणतं. गुडघ्याखाली पाय खांबासारखा झाला. वर्षातून चार-दोनदा जांघेत गाठ येऊन थंडीताप भरायचा, मग आठवडाभर खाट. उजव्या पायाला बायकांची चप्पल, डाव्याला माणसांची, तीही सर्वांत मोठी. दुकानदार एक-एक चप्पल देत नसल्यामुळे दोन जोड घ्यायचे आणि त्यातून एक जुळवायचा. उरलेल्या दोन चपला घरात खुंटीवर, भांडण झालेल्या जावांसारख्या एकमेकींकडे पाठ करून.

अशात एक दिवस गावात जीप आली. हायवेवर एका ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल आहे, डॉक्टर घडवणारं. तिथं हातीपायावर संशोधन सुरू झालं होतं. कुठल्यातरी कंपनीची ताणाची नवी पट्टी निघाली होती, तिनं पाय किती उतरतो ते पाहायचं होतं. जीपमधून उतरली दीप्ती. गोंदिया शहरातली पोरगी, गळ्यात ओळखपत्र, हातात शिंप्याचा टेप. तिनं आसपासच्या गावांतले सुजलेले पाय समाजमंदिराच्या ओट्यावर गोळा केले. कसं धुवायचं, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करायच्या, पट्टी पंजापासून वर कशी गुंडाळायची, सगळं स्वतः खाली बसून शिकवलं. घोट्याशी माप, पोटरीशी माप, गुडघ्याखाली माप.

मुन्नीबाई ओट्यापाशी उभी राहून हे बघत होती. मुन्नीबाई म्हणजे पवारांच्या घरची, दहा बांध्यांची मालकीण, आणि भागीरथाची टोळी दर वर्षी तिच्याच शेतात आधी उतरते. दोघींचं बोलणं ऐकलं तर वाटेल जन्माचं वैर आहे.

“का वो भागीरथा, पायाले ब्लाउज शिवून राहिली का?” मुन्नीबाई म्हणाली.

“हो ना बाई. तुमच्या तोंडालेही एक शिवून घेऊ, माप लगित लागंल.”

पहिला फोटो काढायचा होता त्या दिवशी भागीरथा चौदा एप्रिलची साडी नेसून आली. पांढरी, निळ्या काठाची. वर्षातून एकदा जयंतीला आणि एकदा बुद्धपौर्णिमेला बाहेर निघणारी.

“मावशी, फोटो पायाचा आहे,” दीप्ती हसली.

“मंग? पाय का एकटाच येऊन राहिला फोटोले?”

आणि पाय खरंच उतरला. यात दीप्तीची मेहनत होती, पट्टीची करामत होती आणि भागीरथाचा हट्ट होता. डॉक्टरांनी चिखलात उतरू नका म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, “रोवणा का मोबाइलवर करू?” पण बांधीतून आल्यावर सगळ्यात आधी पाय धुणार, पुसणार, पट्टी बांधणार, मगच चुलीकडे. थंडीताप थांबला. एक दिवस ती तिरोड्याच्या दुकानात गेली आणि एकच जोड मागितला. दोन्ही चपला एकाच खोक्यातल्या. त्या दिवशी बाजारात काहीही काम नसताना ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मुन्नीबाईनं तेव्हाही विचारलंच, “कोठं निघाली वो, कॅटवाक करत?” भागीरथानं ऐकू न आल्यासारखं केलं.

मग संशोधन संपलं.

शेवटच्या दिवशी दीप्तीनं सगळ्यांना सोनपापडी दिली आणि एकेक प्रमाणपत्र. ‘वैद्यकीय संशोधनातील मोलाच्या सहभागाबद्दल.’ सोनेरी किनार, खाली तीन सह्या. भागीरथानं ते उलटून-पालटून पाहिलं.

“अन् पट्टी?”

“मावशी, प्रोजेक्ट संपला ना. पट्टी प्रोजेक्टची होती.”

“पुढची कधी?”

दीप्ती टेप गुंडाळत राहिली. गुंडाळून झालेला टेप तिनं उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

हातात होती ती पट्टी भागीरथानं जपून वापरली. पण ताण कपड्याचा असो की माणसाचा, वापरला की जातो. पट्टी जुन्या परकराच्या इलॅस्टिकसारखी सैल झाली. गोंदियाच्या औषध दुकानातल्या माणसानं ती बोटात धरून बघितली आणि म्हणाला, “ये तो कंपनी का ट्रायलवाला माल है, बाजार में आया ही नहीं.” दुसरी साधी पट्टी घेतली ती दुपारपर्यंत घोट्यात गोळा व्हायची. हॉस्पिटलात फोन केला की एक गोड आवाज सांगायचा, वरून आलं की कळवू. वरून ऊन आलं, पाऊस आला, पट्टी आली नाही. थंडीताप मात्र न कळवता आला. पाय पुन्हा भरला. डाव्या पायाची नवी चप्पल अंगठ्यापाशीच अडायला लागली. नवा जोड आल्यावर खुंटीवर टांगलेली डाव्या पायाची जुनी, माणसांची चप्पल भागीरथानं खाली काढली आणि धूळ झटकली.

मुन्नीबाई बातमी घेऊन आली ती या सुमाराला. तिचा नवरा हुकुमचंद, त्याचा गुडघा दाखवायला ती त्याच हॉस्पिटलात गेली होती.

“भागीरथा वो! तुहा फोटो लागला मेडिकलात! एवढा मोठा! आमदाराचाही नाई लागत एवढा!”

“कोणाचा? माहा?”

“तुहाच. डोळ्यांवर काळी पट्टी मारली हाय. पण निळ्या काठाची साडी, अन् तो ओटा, अन् मांगं आमचा बैल. मी का वळखत नाई?”

डोळ्यांवर काळी पट्टी मारली की माणूस ओळखू येत नाही, हाही त्या संशोधनातलाच एक शोध असावा. भागीरथाला पायाची पट्टी मिळत नव्हती, डोळ्यांची मात्र न मागता मिळाली होती.

“दोन फोटो हायेत,” मुन्नीबाई पुढे म्हणाली. “एकावर लिवलं ‘आधी’, दुसऱ्यावर लिवलं ‘नंतर’. नंतरचा पाय तं असा, हिरोइनीसारखा.”

भागीरथानं आपल्या पायाकडे पाहिलं. मग उठली आणि ट्रंकेतून निळ्या काठाची साडी काढली.

दुसऱ्या दिवशी हुकुमचंद आणि त्याच्या एक्स-रेसोबत दोघी हॉस्पिटलात पोचल्या. खालच्या हॉलमध्ये संशोधनाचं प्रदर्शन होतं. बाहेरगावचे पाहुणे, गळ्यात रंगीत फिती, हातात कागदी कप. भागीरथाच्या फ्लेक्सपुढे विभागाचे मोठे साहेब स्वतः उभे होते. पोटरीचं माप किती घटलं, तापाचे झटके किती कमी झाले, हे सगळं ते ‘नंतर’च्या पायावर काठी टेकवून सांगत होते.

“तो पाय माहा हाय,” मागून आवाज आला.

साहेबांनी वळून पाहिलं. साडी ओळखली असावी, कारण चेहरा खुलला. “अरे वा! या, या मावशी. बघा, आमच्या पेशंट स्वतःच आल्या!”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. भागीरथानं टाळ्या वाजू दिल्या. मग तिनं पुढची खुर्ची ओढली, तिच्यावर डावा पाय ठेवला आणि निळा काठ गुडघ्यापर्यंत वर केला. पुढच्यांच्या टाळ्या आधी थांबल्या, मागच्यांना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला.

“आता हा पाहा. याचा फोटो कोठं लावला?”

साहेब खाकरले. “मावशी, हा फोटो स्टडी संपली त्या दिवशीचा आहे. आम्ही यात काही खोटं लावलेलं नाही.”

“खोटं नाई, साहेब. अर्धं हाय.”

“पट्टी थांबल्यावर काय होतं, हा वेगळा विषय आहे. त्याला वेगळी मंजुरी लागते.”

“तुमचा अभ्यास संपला. माहा पाय चालूच हाय ना!”

“पुढच्या टप्प्यात आपण नक्की विचार करू.”

“तवरिक हा कोठं ठेवू? तुमच्या फ्रिजात?”

मुन्नीबाईला हसू आलं आणि तिनं ते पदरात कोंबलं. एक पाहुणे कपात काहीतरी पडल्यासारखे कपात बघू लागले. साहेबांनी हळूच डोळ्यानं खूण केली आणि कुठूनतरी दीप्ती आली. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राचा रंग बदलला होता.

“मावशी, चला ना, चहा घेऊ,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “मी आता शुगरच्या प्रोजेक्टवर आहे. माझ्या हातात काही नाही, सच्ची.”

“तुले नाई बोलून राहिली, पोरी. तू तं मातीत बसून माहे पाय धुतले.” भागीरथानं पाय खाली घेतला. “पण आम्ही का उंदीर हावो? उंदरालेही पिंजऱ्यात दाणा देतेत. आम्हाले सोनपापडी दिली अन् सोडून देल्लं!”

तिनं पिशवीतून चप्पल काढली. डाव्या पायाची, एका खोक्यातल्या जोडातली. ती ‘नंतर’च्या फोटोखाली, नीट पायाच्या दिशेनं तोंड करून ठेवली.

“माह्या पायात येत नाई. याच्या येत असंल तं घाला.”

येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. हुकुमचंद आपल्या गुडघ्याविषयी काही सांगायला लागला तर मुन्नीबाईनं त्याला कोपरानं गप्प केलं.

मोठ्या ठिकाणी दखल घेत नाहीत असं म्हणणारे खोटारडे आहेत. आठवडाभरात दखल घेतली गेली. मुन्नीबाई गुडघ्याच्या पुढच्या तारखेला गेली आणि तिथूनच तिनं मोबाइलवर फोटो धाडला. फ्लेक्स नवाकोरा होता. त्यात ओटा नव्हता, बैल नव्हता, निळा काठ नव्हता. गुडघ्याच्या वरचं सगळं कापलं होतं. काळी पट्टीही नव्हती, कारण झाकायला डोळेच उरले नव्हते. ‘आधी’ आणि ‘नंतर’ तेवढे जागच्या जागी. चप्पल चौकीदारानं हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात टाकली होती.

मुन्नीबाई परतल्यावर भागीरथानं तो फोटो तिच्यापुढे धरला. ओरडेल असं वाटलं होतं, पण आवाज खालीच राहिला.

“पायाचं जाऊ द्या. साडी कायले कापली? माही चौदा एप्रिलची साडी साहेबायले कोठं टोचून राहिली होती?”



मग भागीरथानं फोन लावायला सुरुवात केली. मापाच्या दिवशी ओट्यावर जेवढे पाय जमायचे, तेवढ्या बायका तिला घर-दार, सासू-सुनेसकट ठाऊक होत्या. प्रत्येकीला एकच प्रश्न. “तुही पट्टी टिकली का?” कुणाचीच टिकली नव्हती. एकीनं तिची फाडून गाईच्या दाव्याला बांधली होती. ओमेश्वरी नावाची एक तरणी सून नुकतीच तापातून उठली होती, ती म्हणाली, “मावशी, मले वाटलं, माहंच काही चुकलं म्हणून पाय वाढला.”

“तुहं नाई चुकलं. सोमवारी तयार राहाजो. नवी साडी नेसून.”

सोमवार मुन्नीबाईच्या रोवण्याचा होता. भाताच्या रोपांचे परे उपटून ठेवले होते, बांधीत पाणी धरलं होतं. टोळी आणायला जो ट्रॅक्टर जातो, तोच भागीरथानं मागितला.

“अन् माहा रोवणा?” मुन्नीबाई कडाडली. “परे का तुह्या हॉस्पिटलात लावू?”

“मंगळवारी लावून देतो, बाई. माघारली तं माही टोळी लावू नका पुढच्या साली.”

“टोळीची धमकी मले देऊन राहिली!” असं म्हणत मुन्नीबाईनं चावी दिली. मग ट्रॉलीत भाताचं वाळलं तणस टाकलं, पाय लांब करून बसता यावं म्हणून, आणि मग स्वतःही चढली. कुणीतरी शहाणं माणूस सोबत असायला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

हॉलमध्ये शिरल्यावर बायका बावरल्या. फरशी गुळगुळीत, वर गार हवा. पण भागीरथा पुढं झाली आणि फ्लेक्सखाली पहिली उभी राहिली. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, खांद्याला खांदा, बांधीत उभ्या राहतात तशा. कुणाचा डावा सुजलेला, कुणाचा उजवा, कुणाचे दोन्ही. समोर बेजोड चपलांची एक रांग. सगळ्यांनी काठ वर धरले.

“सरक वो ओमेश्वरी, ओळ वाकडी होऊन राहिली,” भागीरथा म्हणाली.

ओपीडीतली माणसं हातातले कागद विसरून बघायला लागली. कुणीतरी मोबाइल वर केला. चौकीदार धावत आला.

“अरे, ये किस चीज की लाइन है? रजिस्ट्रेशन उधर है, उधर!”

“माहीत हाय ना, बापू,” भागीरथा म्हणाली. “ते आधीचं. ही नंतरची लाइन हाय. जाय, साहेबाले सांग, फोटोवाला धाड म्हणा.”

चौकीदारानं फ्लेक्सकडे पाहिलं, मग रांगेतल्या पायांकडे. मग टोपी काढून डोकं खाजवत तो लिफ्टकडे गेला.