सर्व्हरवाले मुलाणी मामा

मुलाणी मामा कुणाच्याही कीबोर्डला हात लावत नसत. बारामतीच्या आमच्या कॉलेजात ते लॅब अटेंडंट होते. कुणी अडलं की त्याच्या खुर्चीमागे दोन्ही हात पाठीशी बांधून उभे राहायचे. आपण म्हणायचं, "मामा, एरर आलाय." ते म्हणायचे, "एरर आलाय हे तुझ्या तोंडावरच दिसतंय. काय आलाय ते वाच. मोठ्यानं." माझ्या ग्रुपमधला सचिन म्हणायचा, "मामांसमोर देव जरी प्रकट झाला ना, तरी त्याला आधी लाईन वाचायला लावतील."

मामा मूळचे वडगाव निंबाळकरचे. आयटीआयचे वायरमन. कॉलेजात आले ते पंखे आणि प्लग बघायला. सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले आणि दुसरं कुणी मिळेना, तेव्हा ते काम मामांनी मुलीची डिक्शनरी शेजारी ठेवून शिकून घेतलं. मी इंदापूर तालुक्यातल्या शेळगावची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. इंग्रजीला मी इतकी भ्यायचे की वर्गात अर्धा वर गेलेला हात परत खाली यायचा. एकदा मामा म्हणाले, "मला तरी कुठं इंग्रजी बोलता येतंय? पण कमांड काय बोलायची असती व्हय? लिहायची असती." त्या दिवसापासून मी त्यांच्या टेबलाजवळचा संगणक धरला.

शेवटच्या वर्षी आमचा प्रोजेक्ट होता उसाच्या रोपवाटिकेचा. शेतकऱ्यानं मोबाइलवरून रोपं नोंदवायची, एवढंच. असे चार ग्रुपचे चार प्रोजेक्ट कॉलेजच्या एकाच सर्व्हरवर, आपापल्या कंटेनरमध्ये चालायचे. कंटेनर म्हणजे त्याच मशिनमधली वेगळी खोली समजा, प्रत्येकाचा संसार ज्याच्या त्याच्या खोलीत. बाहेरून येणाऱ्याला मात्र पत्ता एकच. म्हणून पुढे रिव्हर्स प्रॉक्सी नावाचा प्रोग्रॅम बसवलेला. आलेल्यानं कुठलं पान मागितलंय ते बघून तो त्याला योग्य कंटेनरकडे पाठवतो. कुणाला कुठं पाठवायचं, ते आपण त्याच्या फाइलमध्ये लिहून द्यायचं. ज्याच्या त्याच्या ओळी ज्यानं त्यानं लिहायच्या, हा मामांचा नियम.

मी आमच्या कंटेनरला सर्व्हरनं दिलेला आतला नंबर शोधला आणि तो फाइलमध्ये लिहिला. पान लगेच उघडलं. मामांनी मागून बघितलं. "पोरी, नंबर नको. कंटेनरचं नाव लिही."

"पण मामा, चालतंय की."

"आज चालतंय."

त्यांनी दोनदा सांगितलं. अहवाल बाकी होता, बायंडिंग बाकी होतं. चालतंय त्याला कशाला हात लावा, असं म्हणून मी तसंच ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी वीज गेली. यूपीएसनंही मान टाकली. वीज आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू झाला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्या रोपवाटिकेचं पान उघडलं, तर पडद्यावर ट्रॅक्टरला जोडायचा भला मोठा रोटाव्हेटर. तो शेजारच्या ग्रुपचा, अवजारं भाड्यानं देणारा प्रोजेक्ट होता. परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "इंदापूरकडं रोपं चांगलीच वाढतात म्हणायची!"

सगळे हसले. या प्रोजेक्टवर माझी पदवी होती, पदवीवर पुण्याची नोकरी. आणि हे वर्ष गेलं तर आणखी एक वर्ष घरून मिळणार नव्हतं, हे वडिलांनी आधीच सांगितलं होतं. विभागप्रमुख मॅडम कळवळून म्हणाल्या, "मामा, बसा ना तुम्ही जरा, दोन मिनिटांचं काम आहे."

मामा जागचे हलले नाहीत. "न्हाय मॅडम. तिच्या ओळी हायत, तीच बघंल."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. पण खुर्ची माझीच होती. मी फाइल उघडली आणि माझी ओळ मोठ्यानं वाचली. मग चालू असलेल्या कंटेनरची यादी काढली आणि तीही वाचली. वाचता वाचताच उमगलं. वीज आल्यावर कंटेनर वेगळ्या क्रमानं उठले होते आणि आतले नंबर नव्यानं वाटले गेले होते. आमचा जुना नंबर आता रोटाव्हेटरवाल्यांकडे होता. नाव मात्र ज्याचं त्याच्याकडेच होतं. मी नंबर खोडला, नाव लिहिलं, फाइल तपासून घेतली आणि प्रॉक्सीला ती पुन्हा वाचायला लावली.

उसाची रोपं आली. परीक्षकांनी विचारलं, "असं का झालं, सांगू शकाल?" मी सांगितलं. मराठीतच, पण पूर्ण सांगितलं. चूक माझी होती, हेही.

त्याच महिन्यात मामा निवृत्त झाले. शाल-नारळ झाल्यावर त्यांनी मला लॅबमध्ये बोलावलं. पुण्याची नोकरी सुरू व्हायला वेळ होता, तोवर नवीन माणूस येईपर्यंत सर्व्हर मी बघायचा, हे त्यांनी मॅडमकडून मंजूर करून घेतलं होतं. माझ्या नावाचं खातं उघडून झालं, सगळे अधिकार देऊन झाले. मग ते म्हणाले, "आता माझं खातं काढून टाक."

"राहू द्या ना, मामा. कधी अडलं तर?"

"अडलं तर फोन कर, सांगीन. पण नोकरी संपली, आता हितली किल्ली माझ्याजवळ नको. टाक."

मी कमांड लिहिली. त्यात त्यांचं नाव होतं. बराच वेळ बोट एंटरवर नुसतं टेकलेलं राहिलं. शेवटी मी दाबलं, आणि चारही प्रोजेक्टची पानं एकेक करून उघडून बघितली. सगळी चालू होती.