सरांच्या समासातल्या शिव्या

सर गेले आणि दोन खोल्या भरतील इतकी त्यांची पुस्तकं, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, आमच्या कॉलेजला मिळाली. सर तत्त्वज्ञान शिकवत. स्वतःचं पुस्तक एकही लिहिलं नाही. जे म्हणायचं ते दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या समासात, पेन्सिलीने, मराठीत. एका जर्मन महापंडिताला विचारलं होतं, "हे जेवून उठल्यावर लिहिलंस का?" एका आचार्यांना, "महाराज, प्रश्न काय होता?"

मी ग्रंथालयात नवा कारकून होतो. आमचं मध्यभारत राज्य नुकतंच मध्य प्रदेशात विरघळलं होतं. राजधानी आमच्या शहरातून भोपाळला गेली आणि आमच्या माधवगंज पेठेत घरटी एक माणूस बदलीचं सामान बांधत होता. तिकडून रोज नवा नियम यायचा. त्यातला एक असा की देणगीतलं लिहिलेलं-खरडलेलं पुस्तक दाखल करायचं नाही, रद्दीत काढायचं. इंदूरहून आलेल्या नव्या ग्रंथपालांनी सरांचं एक पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "ये किताब है या स्कूल की दीवार?"

पुस्तकं रद्दीत जाऊ नयेत म्हणून मी रबर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. अख्खा उन्हाळा मी सर पुसत होतो.

आता लपवत नाही, मजाही आली. माझ्या उत्तरपत्रिकेवर सरांनी एकदा "झोपा" एवढंच लिहिलं होतं.

मग त्यांची मुलगी आली, कोरी वही घेऊन. "बाबा म्हणायचे, माझं पुस्तक समासात आहे, मागाहून उतरवून घे."

खरं सांगितलं तर नोकरी जाईल असं वाटलं. म्हणालो, "ताई, सरांनी पुस्तकं फार जपून वापरली हो. एक रेघ नाही."

तिने पाच-सहा पुस्तकं चाळली. "म्हणजे नुसत्या बाताच मारायचे," असं म्हणून पेनाला टोपण लावलं.

परवा ग्रंथालयात सरांच्या नावाची पाटी लागली. एक वक्ते म्हणाले, सर थोर, पण मागे काही ठेवलं नाही. पहिल्या रांगेत बसून ताईने होकारार्थी मान हलवली. इतकी वर्षं गप्प राहिलो, पण ती मान काही मला सोसली नाही. दुसऱ्या सकाळी तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "तुम्ही रबर घेऊन बसलात, आणि मी बाबांना थापाड्या म्हणत बसले. आईसमोरसुद्धा."

"चुकलो, ताई."

"ते कळलं. आठवतंय का काही?"

"शिव्याच जास्त."

"मग शिव्या सांगा. थांबा, चष्मा आणते."

सांगत गेलो. "जेवून उठल्यावर" लिहून घेताना ती हसली, "हे बाबाच." मग विचारलं, "आणि लांब काही? युक्तिवाद?"

लांब होतं, पानंच्या पानं. पण ते मी वाचलंच नव्हतं. तिथे पेन्सिल जोरात दाबलेली होती, म्हणून रबर दोनदा फिरवावं लागायचं, एवढंच मला आठवत होतं. तेच सांगितलं. तिने तेही लिहून घेतलं.