उतरवलेल्या तारा

माझ्या डबल बासला अण्णा कधी हात लावत नसत. त्याच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या होत्या आणि अण्णा कीर्तनकार. सोवळ्याओवळ्याचं त्यांना भारी. पनवेलच्या आमच्या घरात व्हायोलिनच्या आकाराचं पण माझ्याहून उंच असं ते धूड ओटीच्या कोपऱ्यात उभं असायचं आणि अण्णा त्याला वळसा घालून आत जायचे. आपल्या वडिलांनी आपल्या पोटापाण्याच्या वस्तूला रोज वळसा घालावा, याचा मला फार राग यायचा. पण अण्णांशी भांडायची टाप घरात कोणाचीच नव्हती. आई गेल्यावर तर घरात आम्ही दोघंच उरलो होतो.

लढाईच्या वर्षांत मी मुंबईला नोकरीला म्हणून गेलो आणि एका हॉटेलच्या बँडमधल्या गोव्याच्या सरांच्या नादी लागलो. माझे लांब हात बघून त्यांनीच मला डबल बासला जुंपलं. मग त्याच बँडमध्ये दुसरा वाजवणारा म्हणून मला ठेवून घेतलं. हे वाद्य वाजवणाऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्याचं असणं कळत नाही, थांबला की मात्र काहीतरी गेल्यासारखं वाटतं. पुढे दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच आटले आणि आमची पांगापांग झाली. एक जण बोटीवरच्या बँडमध्ये गेला तो तिकडचाच झाला. एक सर्कशीत शिरला. एक रविवारी चर्चमध्ये वाजवायचा आणि एरवी गोदीत कापसाच्या गाठी मोजायचा. सर कुठल्या कुठल्या लग्नांत वाजवून दिवस काढत होते. मी मुंबईतली खोली सोडून पनवेलला परतलो आणि भाताच्या गिरणीत कारकून झालो. बोटांवरचे घट्टे जायला लागले तेव्हा जीव अगदी कासावीस व्हायचा.

अशात सरांनी निरोप धाडला. सिनेमाच्या एका स्टुडिओतल्या वाद्यवृंदात डबल बासची जागा रिकामी झाली होती. एकदा येऊन वाजव, जमलं तर कायमचा राहशील, असा निरोप. ती जागा मला किती हवी होती हे सांगायला शब्द नाहीत. मी गिरणीत रजा टाकली आणि चार दिवस नुसता वाजवत बसलो. अण्णा आत पोथी वाचत होते. 

निघायच्या सकाळी मी टांगा बघायला गेलो. परत येतो तर वाद्य गवसणीत घालून, नाड्या बांधून दाराशी तयार. अण्णा तुळशीपाशी उभे होते. "उशीर नको व्हायला," एवढंच म्हणाले. मी चाट पडलो. त्यांनी हात लावला होता, आणि नंतर आंघोळही केलेली दिसत नव्हती. टांग्यात माझे डोळे भरून आले. मी ते टांगेवाल्याला दिसू दिले नाहीत.

एस.टी.च्या टपावरून मोरा बंदरापर्यंत आणि तिथून लाँचने भाऊच्या धक्क्याला, असा माझा रस्ता. मोऱ्याच्या जेट्टीवर एका हमालाने ते धूड उचललं आणि म्हणाला, "दादा, ह्यात मानूस हाय का काय? तिकीट काडलाव का त्याचा?" सगळी लाँच हसली. मीही हसलो. आत काहीतरी गडगडल्यासारखं वाटलं खरं, पण इंजिनाच्या आवाजात मी ते मनावर घेतलं नाही.

स्टुडिओत मी नाड्या सोडल्या. चारही तारा लोळत होत्या. घोडी, म्हणजे ज्या लाकडी पट्टीवर तारा टेकतात ती, जागेवर नव्हती. ती अण्णांच्या जुन्या उपरण्याच्या तुकड्यात नीट गुंडाळून खाली ठेवली होती. मला क्षणात उलगडा झाला. कीर्तन संपलं की अण्णा तंबोऱ्याच्या तारा उतरवून, म्हणजे सैल करून, मगच त्याला गवसणी घालत. ताणलेलं वाद्य ठेवू नये, त्यालाही विसावा लागतो, हे ते लहानपणापासून मला सांगत आलेले. आज त्यांनी माझ्या वाद्यालाही विसावा दिला होता.

डबल बासला तो चालत नाही. त्याच्या पोटात पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये एक लाकडी खांब उभा असतो. त्याला ना खिळा ना सरस. तारांच्या ताणावरच तो उभा राहतो. चारही तारा एकदम सोडल्या की घोडी निसटते आणि खांब पडतो. तो परत उभा करायला वाकडी सळई लागते, हात बसलेला लागतो आणि वेळ लागतो. माझ्याकडे तिन्हींतलं काही नव्हतं. सगळा वृंद खोळंबला. संगीत बसवणारे गृहस्थ घड्याळाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी शेजारच्या स्टुडिओतून एकाला बोलावून घेतलं. तो चांगला वाजवत होता. जागा त्याचीच झाली.

परतताना लाँचमध्ये मी अण्णांना मनातल्या मनात काय काय बोललो! घरात पाऊल टाकताच सगळं ओकायचं असं ठरवूनच आलो होतो. अण्णा ओटीवर वाट बघत बसले होते. "वाद्य सुरात राहिलं ना?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा बघितला आणि मी म्हणालो, "राहिलं. पण त्यांना दुसरा माणूस आधीच मिळाला होता."

झालं. त्या दिवसापासून ते काम अण्णांनी आपल्याकडेच घेतलं. मी वाजवून उठलो की ते येत, चारही तारा उतरवत, घोडी पुसून ठेवत. आत खांब पडल्याचा आवाज व्हायचा. मी लोहाराकडून सळई वाकवून आणली. अण्णा देवळात गेले की खांब उभा करायचो, तारा चढवायचो. रागही यायचा आणि हसूही. एवढ्या वर्षांनी ते माझ्या वाद्यापाशी बसू लागले होते, ते मला मोडवेना.

अशी बरीच वर्षं गेली. गोवा मोकळा झाल्यावर सर कायमचे गावी निघाले, तेव्हा वाटेत पनवेलला उतरले. आम्ही दोघांनी आळीपाळीने वाजवलं. मी चहा टाकायला आत गेलो आणि बाहेरून सरांची आरोळी ऐकू आली, "नको नको, बाबा! सगळे तार एकदम नाय सोडायचे! आतला खांब पडेल!" मी धावत आलो तोवर खांब पडला होता. सरांनी भाबडेपणाने अण्णांना सगळं समजावून सांगितलं.

सरांची गाडी गेल्यावर अण्णांनी निसटलेली घोडी उचलून पुसली. मग म्हणाले, "स्टुडिओत गेला होतास, त्या दिवशीही?"

मी मान हलवली.

"मला सांगायचं नाही का रे?"

"तुम्ही हात लावला होतात, अण्णा."

ते उठून आत गेले. त्यानंतर डबल बासजवळ ते आले नाहीत. मी बोलावलं तरी लांबूनच ऐकायचे. आणि आपल्या तंबोऱ्याच्या ताराही त्यांनी पुन्हा कधी उतरवल्या नाहीत. भजन झालं की तसाच ताणलेला गवसणीत घालायचे. दांडी वाकू लागली, भोपळ्याला चीर गेली. "अण्णा, तारा उतरवा," मी कितीदा म्हणालो. "राहू दे," एवढंच उत्तर. मला ते बघवायचं नाही.

अण्णा गेले. दिवस झाल्यावर, घरातले पाहुणे पांगल्यावर, मी देवघराशेजारचा तंबोरा काढला आणि एकेक खुंटी फिरवून चारही तारा उतरवल्या. घोडी त्यांच्या उपरण्याने पुसली. मग ओटीवर येऊन डबल बासच्या तारा चाचपून पाहिल्या. त्या तशाच ताणलेल्या ठेवल्या.