सासऱ्यांचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर

मी आयुष्यात एकदाही गोळी झाडलेली नाही. लहानपणी दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलानं जे काही झाडलं असेल तेवढंच, आणि तेसुद्धा डोळे मिटून. तरी यंदा चार महिने मी स्वतःला पिस्तुलाच्या गोळ्यांचा जाणकार समजत होतो. अमरावतीत राजापेठेत माझे अकरावी-बारावीच्या फिजिक्सचे क्लासेस आहेत. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाचा एक दोष असतो. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर बोलायचा आपल्याला हक्क आहे, असं त्याला वाटतं.

सुरुवात अकोल्यात झाली. माझे सासरे तिथं एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे वगळता सगळं ठणठणीत. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. उन्हाळ्यात एका भर दुपारी त्यांच्या घरात एक माणूस शिरला. मागच्या दारानं आला, फडताळ उचकलं, आणि काही न नेता पळाला. संध्याकाळी आम्ही घाबरून फोन केला, तर सासरे शांतपणे म्हणाले, "काही झालं नाही. घरात रिव्हॉल्व्हर आहे नं."

रिव्हॉल्व्हर खरोखर होतं. सासरे जिनिंगमध्ये मॅनेजर असताना कपाशीच्या हंगामात त्यांना वेळी-अवेळी अकोट ते अकोला फिरावं लागे, तेव्हा त्यांनी परवाना काढून घेतलेलं. बत्तीस बोरचं, काळं, दणकट. त्यांच्या त्या एका वाक्यावरून आम्ही सगळं चित्र रंगवलं. सासरे आरामखुर्चीतून उठले, रिव्हॉल्व्हर रोखलं, चोर पळाला. मी तर हे क्लासमध्येही सांगितलं, त्यात सासऱ्यांच्या तोंडी दोन वाक्यंही घातली.

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, अकोटला राहतो. त्याचं फवारणी पंपांचं दुकान आहे. तो म्हणाला, बाबांनी आता अकोटला यावं. बायकोचंही तेच मत. सासऱ्यांना मात्र ते घर सोडायचं नव्हतं. "तिथं येऊन मी काय करू? तुया दुकानात नोझल मोजू?" असं त्यांनी विचारलं. शेवटी मेव्हण्यानं अट घातली. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आलीच होती. हत्यार धड निघालं आणि परवाना नवा झाला, तर बाबांनी खुशाल अकोल्यात राहावं. नाही तर दिवाळीआधी सामान बांधायचं. सासरे म्हणाले, "मंजूर."

मी सासऱ्यांच्या बाजूनं होतो. माणसाला त्याच्या घरात राहू द्यावं, असं माझं मत. शिवाय अकोल्याचं ते घर मला आवडतं. एक गोष्ट सोडून. समोर एक निवृत्त नर्सबाई राहतात, सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. त्यांच्या फाटकासमोर गाडी लावलेली त्यांना चालत नाही. तीन वर्षांपूर्वी हे मला एकदा कळलं, तेव्हापासून मी गाडी गल्लीच्या टोकाशी लावतो आणि उन्हातून चालत येतो.

तर मी सासऱ्यांच्या बाजूनं होतो, आणि त्यांचं वाटोळं मीच करत होतो. कारण मेव्हण्यानं एकदा फोनवर सहज विचारलं, "भाऊजी, पण बत्तीस बोरनं मानूस थांबते का?"

तोवर मला बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, हेही धड ठाऊक नव्हतं. त्या रात्री जेवणानंतर मी मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले. आठवडाभरात तीस झाले असतील. टोप्या घातलेले लठ्ठ लोक जेलीच्या ठोकळ्यांवर गोळ्या झाडतात आणि आत किती खोल गेली ते पट्टीनं मोजतात. मलाही पट्टीनं मोजायला आवडतं. मला वाटलं, माझी माणसं सापडली.

मग सुरू झाला आमचा वाद. मी नाइन एमएमचा. लहान गोळी, पण वेग जास्त, आणि ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. मेव्हणा पॉइंट फोर्टी-फाइव्हचा. "जड गोळी पाहिजे, भाऊजी. माशी अन् म्हैस, दोघींनी धडक देल्ली तर कोन पडते?" मी त्याला संवेग आणि गतिज ऊर्जेतला फरक समजावला. तो म्हणाला, "ते तुमच्या पोरांले शिकवा. मले म्हशीचं सांगा." तो रोज दुकान बंद करून फोन करायचा. मी घास तोंडात ठेवूनच उचलायचो.

एका रविवारी क्लासच्या फळ्यावर मी दोन्ही गोळ्यांचं गणित मांडलं आणि व्हिडिओ कॉल लावायला घेतला. कॉल लागेपर्यंत उत्तर आलं. दोन्हींची ऊर्जा जवळजवळ सारखीच. मी घाईनं फळा पुसला आणि त्याला म्हटलं, नेटवर्क नाही. दुसऱ्या दिवशी बॅचसमोर मी तरीही बोललो की वेगवान गोळी माणसाला चार फूट मागं फेकते. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, मग झाडणारा पण चार फूट मागं फेकला जाईल नं?" न्यूटनचा तिसरा नियम मीच तिला आदल्या आठवड्यात शिकवला होता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि बॅच दहा मिनिटं आधी सोडली.

गंमत अशी, की नाइन एमएम काय आणि फोर्टी-फाइव्ह काय, दोन्ही आपल्याकडे साध्या नागरिकाला मिळतच नाहीत. ती पोलिसांची आणि लष्कराची. म्हणजे आम्ही दोघं, ज्या घरात आम्हाला कुणी उंबऱ्यापाशी उभंही करणार नाही, तिथल्या मुलींच्या नाकाडोळ्यांवरून भांडत होतो. एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत झालं. बत्तीस बोर अगदीच फुसकी. हे मी मोठ्यांदा, अनेकदा बोललो. एकदा तर सासऱ्यांसमोरच. ते पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

बायको म्हणाली, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

"शास्त्राच्या," मी म्हटलं.

"परवा मोरीत पाल निघाली, तेव्हा शास्त्र स्टुलावर चढून मला हाका मारत होतं."

सप्टेंबरमध्ये पोलीस ठाण्यात हत्यार दाखवायचं होतं. त्याआधी ते एकदा मिस्त्रीला दाखवावं, असं ठरलं. अकोल्यात जुन्या भागात एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्या वडिलांपासून बंदूक दुरुस्तीचा परवाना. सगळे त्यांना चाचा म्हणतात. सासऱ्यांनी रिव्हॉल्व्हर कपाटातून काढलं, लाल फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं, आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसले. मेव्हणा मागं बसला. वाटेत त्यानं पुन्हा म्हशीचा विषय काढला.

चाचांच्या दुकानात जागा एवढीशी. त्यांनी फडकं सोडलं, तेवढ्यात बाहेर कुणीतरी हाक मारली म्हणून ते उठून दारात गेले. तेवढं एक मिनिट आम्हाला पुरलं. मी रिव्हॉल्व्हर उचललं. चार महिन्यांच्या अभ्यासानंतर हातात पहिल्यांदा खरी वस्तू आली होती. अपेक्षेपेक्षा जड होती. मी एक डोळा मिटला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि चाप ओढला. चाप हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. मग मेव्हण्यानं माझ्या हातातून घेऊन ओढला. फवारणी पंप दाबून दाबून त्याचे पंजे चांगले तयार आहेत, पण त्याचंही तोंड नुसतं लाल झालं.

"मजबूत आहे," सासरे अभिमानानं म्हणाले. "असं तसं दबत नाही थे."

मी लगेच चापाला लागणारं बल आणि तरफ यांवर बोलायला लागलो. चाचा दारातून वळले आणि जागच्या जागी थांबले.

"ठेवा," ते म्हणाले. "नळी भिंतीकडे करून ठेवा. हळू."

मेव्हण्यानं ठेवलं.

"खाली आहे का भरलेलं, पाह्यलं का कोनी?"

सासरे म्हणाले, "खालीच असन."

"असन?" चाचांनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं. "दोघंबी शिकलेले दिसून राहिले तुमी."

चार महिने आम्ही बोर, ग्रॅम, वेग, जेली सगळं केलं होतं. हत्यार हातात घेतल्यावर सगळ्यात आधी ते रिकामं आहे का पाहायचं, हे प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला सांगतात. ती सुरुवात मी नेहमी पुढं ढकलायचो.

चाचांनी रिव्हॉल्व्हर वाळूच्या बादलीवर तिरपं धरलं. ते मधून मोडून उघडतं, पण उघडेना. त्यांनी तेल सोडलं, लाकडी हातोडीनं ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. पंधरा मिनिटांनी ते कटकन उघडलं. रिकामं होतं.

चाचांनी खाली वर्तमानपत्र पसरलं आणि आत बारीक ब्रश फिरवला. कागदावर लाल-पिवळा चुरा पडायला लागला. चाचांनी तो चिमटीत धरून नाकाशी नेला.

"हे तं कुकू आहे," ते म्हणाले. "अन् हयद." मग त्यांनी नळीत सळई घातली. पलीकडून पाच-सहा तांदूळ टपटप पडले. जुने, काळपट, एकाला अजून हळदीचा रंग.

तेव्हा मला सगळं दिसलं. दसऱ्याला या घरात पाटावर शस्त्रं मांडतात. विळी, कोयता, पूर्वी जिनिंगच्या चाव्या, आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. सासूबाई त्याची साग्रसंगीत पूजा करायच्या. पाण्याचे थेंब, हळद, कुंकू, अक्षता, वर गंजू नये म्हणून खोबरेल तेलाचं बोट. मग ते तसंच फडक्यात गुंडाळून वर्षभर कपाटात. लग्नानंतर दर दसऱ्याला मीसुद्धा त्याला नमस्कार केला होता, अक्षता टाकल्या होत्या. त्या तांदळांत एखादा दाणा माझाही असणार.

"कितीक वर्षं झाली उघडून?" चाचांनी विचारलं.

"मॅनेजरकी सोडली तवापासून," सासरे म्हणाले.

म्हणजे वीस वर्षं. मेव्हणा माझ्याकडे पाहत होता आणि मी कॅलेंडरकडे. नाइन एमएम की फोर्टी-फाइव्ह, हा प्रश्न दोघांनाही आठवत होता, पण कुणी काढला नाही.

"साफ करून देतो," चाचा म्हणाले. "आठ दिवस लागतीन. नवी स्प्रिंग टाकली तर चालन."

सासरे कागदावरचे तांदूळ बघत होते. "नको," ते म्हणाले. मग त्यांनी कागदाचा तो कोपरा फाडला, तांदळांची पुडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "ठाण्यात जमा करून टाकतो. पुरे झालं आता."

आम्ही गाडीत बसलो. मेव्हण्याला त्याची अट आठवली असणार, पण ती आता उच्चारायची कशी हे त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "बाबा, मंग त्या दिवशी चोराले दाखवलं काय तुमी?"

"काई नाही दाखवलं. मी झोपलो होतो."

"अन् तो पळाला कसा?"

"सिस्टरनं विचारलं त्याले," सासरे म्हणाले. "मले त्याइच्या आवाजानं जाग आली. तुमी फोन केला तवा मी रिव्हॉल्व्हर आहे म्हनलो. दाखवलं कुठी म्हनलो?"

गल्लीच्या टोकाशी गाडी लावून आम्ही तिघं चालत आलो. सिस्टर फाटकात उभ्या होत्या. "जय भीम, सिस्टर," सासरे म्हणाले. "जय भीम, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि आम्हा दोघांकडे पाहून थांबल्या. मेव्हण्यानं उन्हाळ्यातल्या त्या दुपारचं विचारलं.

"मी काय केलं? अंगनात कपडे वाळू घालत होतो. हा मागच्या बाजूनं भाऊच्या घरातून निंगाला. मी म्हनलं, कोनाकडे आला? तो काई बोलेना. मी म्हनलं, काहून आला, कोन्या गावचा, बाप काय करते? तिसऱ्याच प्रश्नाले पळाला."

"तुम्हाला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"भीती कशाची? मी तं सगळ्याइलेच विचारतो." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुमालेबी विचारलं होतं नं. तीन वर्षं झाली. माह्या फाटकापुढं गाडी लावली होती तुमी. एकाच प्रश्नाले मागं नेली, पार रोडपर्यंत."

मेव्हणा खाली मान घालून हसायला लागला. सासरेही हसले, मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा.

"रिव्हॉल्व्हर होतं माह्याजवळ, सिस्टर," सासरे म्हणाले. "आता देऊन टाकतो."

"असं? मले तं मालूमच नव्हतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं. घरात कायले ठेवता असं काई? पडन हातातून."

मेव्हण्यानं सिस्टरच्या अंगणाकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या मागच्या दाराकडे. ते दार घराच्या कडेच्या बोळात उघडतं, तिथून इथपर्यंत सरळ दिसतं. दोरीवर कपडे होते. त्यानं विचारलं, "तुमी कुठी गावाले वगैरे जाता काय?"

"कुठी जाऊ? पोरगा नागपूरले आहे, तोच येते."

मग तो वडिलांना म्हणाला, "मागच्या दाराले एक कडी बसवून देतो मी. उद्याच." सामान बांधायचं त्यानं नाव काढलं नाही. सासरे खिशावर हात ठेवून घरात गेले.

या दसऱ्याला आम्ही सगळे अकोल्याला गेलो. पाटावर विळी होती, कोयता होता, आणि मधोमध, जिथं रिव्हॉल्व्हर असायचं तिथं, तांदळाची ती पुडी. सासऱ्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं. मी अक्षता टाकल्या, पण बेतानं, कशात शिरणार नाहीत अशा.

त्या दिवशी येताना सामान फार होतं, म्हणून बायको म्हणाली, आज तरी गाडी दारापर्यंत न्या. मी गल्लीत वळवली. सिस्टर आपट्याची पानं घेऊन फाटकात उभ्या होत्या. मला चांगलं ओळखतात आता. तरी त्यांनी विचारलंच, "कोनाकडे आले?"

मी सांगितलं, आणि गाडी मागं घेतली.