साडभाऊंनी शोधलेला वाचक

वऱ्हाडात पुस्तके लिहिणारे पुष्कळ झाले. परंतु लिहून झालेल्या पुस्तकाला माणूस शोधून देणारा एकच झाला, आणि तो माझा साडू होता. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहीत आहे. अकोल्यात त्यांच्या शोकसभेत जे बोलले गेले, त्यातील निम्मे अज्ञान होते आणि उरलेले निम्मे कुजबुज. कोणी त्यांची 'कॉम्प्युटरवाले काका' एवढ्यावर बोळवण केली. कोणी, अखेरीस त्यांचे डोके फिरले होते, असे सुचवले. मी मागच्या रांगेत बसून सर्व ऐकले. उत्तर आज देतो.

साडभाऊ टेलिफोन खात्यात लाइनमन होते. निवृत्त होताच त्यांनी पुढच्या खोलीत संगणक मांडला आणि पदरमोड करून पुस्तके छापणाऱ्या व छापल्यावर ती पलंगाखाली रचणाऱ्या लेखकांसाठी इंटरनेटवर वाचक हुडकण्याचा उद्योग आरंभला. कापसाने आमच्या मुलखाला दगा देण्याची ती वर्षे. घरोघरची तरणी माणसे पुण्याकडच्या कारखान्यांत पांगली होती आणि वाचणारे डोळेही त्यांच्यासोबत गेले होते. "मानूस गेला म्हंजे लाइन तुटली असं नाई, साडभाऊ," ते मला म्हणत. "त्या टोकावर कोन हाय, ते पाहा लागते." नवे पुस्तक हाती आले की ते उघडत नसत. टेलिफोनसारखे कानाला लावत, डोळे मिटत आणि लेखकाच्या तोंडावर निकाल देत: "वाजते," किंवा "डेड हाय." एका निवृत्त मुख्याध्यापकांचा खंडकाव्यसंग्रह 'डेड' निघाला, त्यांनी पुढे ती गल्लीच सोडली. पडद्यावर एखाद्या वाचकाचा अभिप्राय उमटला की साडभाऊ खुर्चीवरून उठत, टोपी सारखी करत आणि त्या रिकाम्या खोलीत म्हणत, "या, बसा." भारनियमनात वीज गेली, तर पाहुणा अंधारात ताटकळला म्हणून हळहळत. मेहुणी हसत असे. मी हसत नसे. कारण ते ज्या कोपऱ्याकडे पाहून बोलत, तिकडे एकदा पाहिले की पुन्हा पाहण्याची इच्छा होत नसे.

त्यांची रीत मात्र पक्की वऱ्हाडी होती. स्तुती वाचून आमचा माणूस जागचा हलत नाही. दुसऱ्याची चूक काढायला तो भरल्या ताटावरून उठतो. म्हणून साडभाऊ प्रत्येक पुस्तकातील, लेखकानेच उतरवून दिलेला, एक उतारा नेटवर टाकताना त्यात आपल्या पदरची एक ढळढळीत चूक मिसळत. अंजनगाव सुर्जीच्या एका बागवानाने पानमळ्यांवर पुस्तक लिहिले होते. साडभाऊंनी टाकले की, तिथे पानवेल बाभळीवर चढवतात. दोन दिवसांत अर्धे अंजनगाव धावून आले. "काहून बे, बाभयीवर तुया बाप चढला होता का?" अशा थाटाची ती समीक्षा होती. बागवान रडकुंडीला आला, माझी अब्रू गेली म्हणाला. आणि मग भांडायला आलेल्यांनीच, खरे काय लिहिले आहे ते पाहू म्हणून, त्याच्या सगळ्या प्रती नेल्या. ह्याला काही विद्वान फसवणूक म्हणतात. त्यांनी एक तरी वाचक मिळवून दाखवावा.

आता माझ्या पुस्तकाविषयी. माझे गाव धरणाच्या पाण्यात गेले. मी त्याचा वृत्तांत लिहिला, अमरावतीत स्वखर्चाने छापला. माझ्या मुलांनी ते गठ्ठे हलवले ते केवळ फरशी पुसण्यासाठी. मी सत्तरी ओलांडली होती. माझ्यामागे ते गाव कोणाच्याही डोक्यात उरणार नव्हते. एक वाचक हवा होता. अधिक मागणे नव्हते.

साडभाऊंनी पुस्तक कानाला लावले आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तसेच बसून राहिले. 'वाजते' म्हणाले नाहीत. म्हणाले, "याच्यावर कोनीतरी आधीच बोलून राह्यलं."

त्यांनी उतारा टाकला आणि आमच्या मारुतीचे तोंड पूर्वेकडे केले. मी भांडलो; ते बधले नाहीत. कित्येक दिवस कोणी फिरकले नाही. मग एक वाचक आला. त्याचे छायाचित्र नव्हते आणि नावाच्या जागी आमच्या गावाचे नाव होते. त्याने लिहिले, "मारुती दक्षिनमुखी हाय, हे लेखकाले मालूम हाय. त्याची चूक शेवटच्या पानावर हाय." शेवटचे पान नेटवर टाकलेले नव्हते. त्यावर माझे वाक्य असे होते: 'अखेरची गाडी निघाली, तेव्हा गावात कोणीही उरले नव्हते.'

त्याखाली दुसरी ओळ उमटली. "मी होतो."

साडभाऊ उठून उभे राहिले खरे. 'बसा' मात्र म्हणाले नाहीत.

मी पुराव्याची मागणी केली, रीतसर भाषेत. उत्तर आले: "पानी नदीकून नाई आलं. खळ्याच्या मांगून आलं, हळूहळू. तुमच्या आंगनात जात्याचा वरचा दगड उपडा पडला होता. मले पाहावलं नाई. मी बसवून ठेवला." तो दगड मीच उलथून पाहिला होता. जाते गाडीत मावले नाही, म्हणून तसेच टाकून आलो होतो.

पुढे एका कोरड्या उन्हाळ्यात धरण आटले आणि गाव वर आले. त्या वाचकाला खोटे पाडावे, ह्या एकाच हेतूने मी भर दुपारी साडभाऊंना घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळात घरांची जोती तेवढी उभी होती. पाखरू नव्हते. मारुती दक्षिणेकडे पाहत होता. साडभाऊ माझ्या पावलांवर पाऊल ठेवीत चालले होते. माझ्या अंगणात जाते होते, आणि वरचा दगड खालच्यावर नीट बसलेला होता. मी तो हलवून पाहिला. सांध्यात गाळ थिजला होता आणि शिंपले धरले होते.

"साडभाऊ, ती ओळ बदला," ते हळूच म्हणाले.

"पुढच्या आवृत्तीत पाहू."

"पुढची आवृत्ती वाचाले कोन उरन?"

निघताना ते मागे वळले आणि त्या जोत्यांना म्हणाले, "येतो आमी."

संध्याकाळी अकोल्यास पोचलो. साडभाऊ मोरीत पाय धूत असताना पडद्यावर ओळ आली. ती मी एकट्याने वाचली. "तुमी आलते. बसा म्हनावं त जागा नव्हती, राग मानू नका."

त्याच हिवाळ्यात साडभाऊ गेले. तेव्हापासून त्या वाचकाची एकही ओळ आलेली नाही, आणि शोकसभेतील चतुर लोकांना एवढे पुरेसे वाटते. तो वाचक म्हणजे साडूच, असे ते म्हणतात. साडभाऊ आधीच कुठल्यातरी उन्हाळ्यात जाऊन दगड बसवून आले असतील, ओळी आधीच लिहून ठेवल्या असतील. मी विचारतो, सांध्यातले शिंपले काय नेटवरून मागवले होते? ज्याने उभ्या जन्मात पुस्तक उघडले नाही, त्याने माझे शेवटचे पान वाचले कधी? ह्यावर ते विषय बदलतात, आणि मी जिंकतो.

परवा मी अकोल्यास गेलो होतो. संगणक मेहुणीने झाकून ठेवला आहे. मी गेलो की कापड काढून देते. मी रिकाम्या पडद्यासमोर बसलो होतो, ती शेजारी मेथी निवडत होती. मग ती म्हणाली, "भाऊजी, तुमाले एक सांगू का? यांचं अन् त्या वाचकाचं."

ती त्या घरात रोज होती. तिच्याखेरीज दुसरा साक्षीदार नाही. तिचे उत्तर एका बाजूचे निघाले, तर माझा वाचक अजून कुठेतरी आहे; दुसऱ्या बाजूचे निघाले, तर त्याला मी स्वतः खांदा देऊन आलो आहे.

वादातून मी आजवर उठलो नाही.

"नको," मी म्हणालो, आणि तिच्यासमोरची अर्धी जुडी निवडायला घेतली.