उन्हात तापवलेले सेल

आधी बाईंचं सांगतो. भिवंडीत मला कोणी माणसात आणलं असेल तर त्या बाईंनी. निवृत्त शिक्षिका, दृष्टी पूर्ण गेलेली. मी उदगीरकडचा, आठवीतून शाळा सोडून कापडाच्या लूमवर लागलेला. त्यांनी मला बाहेरून दहावीचा फॉर्म भरायला लावला आणि अभ्यास स्वतः घेतला. त्याच्या बदल्यात मी फक्त वाचायचं.

बाई दर आठवड्याला शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या अकरा अंध माणसांसाठी वर्तमानपत्राची कॅसेट काढत. मी बातम्या टेपरेकॉर्डरवर वाचायचो, मग डेकवर प्रती निघायच्या आणि कापडी पिशवीतून घरोघर जायच्या. शेवटची पाच मिनिटं कोरी सोडायची. ऐकणाऱ्याने त्यात आपलं म्हणणं भरून कॅसेट परत पाठवायची. बहुतेकांचं म्हणणं एकच असे, की पोरगा ओरडतो. ओरडणारच. बारा तास लूमच्या खडखडाटात काढले की हळू बोलायला जीभच वळत नाही.

राशिभविष्य तेवढं वाचायचं नाही, असा बाईंचा नियम. थोतांडावर टेप वाया घालवू नकोस, म्हणायच्या. रेकॉर्डिंग संपलं की मात्र कन्या राशीला काय दिलंय, ते सहज म्हणून विचारायच्या.

वाचन शुक्रवारी. त्या दिवशी लाइट नसायची, लूम बंद, म्हणून गावात शांतता, आणि टेपरेकॉर्डर सेलवर. एकदा सेल संपत आले. नवे मागायची मला धास्ती वाटली. बाई म्हणतील, हा पोरगा जड होतोय. आमच्याकडे सेल उन्हात ठेवून परत चालवायचे. मी ते गच्चीवर शेजारणीच्या पापडांच्या रांगेत ठेवले. दुपारी टेप छान फिरला. मी खूश. शेवटच्या निधनवार्ता तर अगदी आवाज खाली उतरवून वाचल्या.

उन्हातले सेल हळूहळू थकतात, हे मला माहीत नव्हतं. टेप रेंगाळत भरला गेला, आणि रेंगाळत भरलेला टेप चांगल्या यंत्रावर लावला की पळतो. प्रती आवाज बंद ठेवून काढल्या, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

मंगळवारी पहिली कॅसेट परत आली. बाईंनी लावली. पहिल्या बातमीत मीच होतो. पाणीटंचाईपर्यंत मला थोडी घाई झालेली. क्रिकेटला मी दहा वर्षांचा. आणि निधनवार्तांना एक खारूताई, अत्यंत शोकाकुल होऊन, कोणाचा दहावा कुठे ते धावत सांगत होती.

बाईंनी टेप तसाच पुढे चालू ठेवला. मी मनात हिशोबच लावला: वाचन गेलं, म्हणजे अभ्यास गेला, म्हणजे दहावी गेली. उदगीरची एसटी किती वाजता सुटते तेही आठवून पाहिलं.

मग कोरी पाच मिनिटं आली. अंजूर गावातले एक आजोबा बोलत होते.

"पोरा, म्हातारी गेली तवापासून या घरात कोन हसला न्हाय. तुजी मयतीची बातमी आमी चार वेला लावली. पुढल्या टायमाला बी अशीच वाच."

बाईंचे खांदे हलायला लागले. त्या रडतायत असं वाटून मी भराभर सगळं कबूल केलं, सेल, ऊन, पापड, सगळं. तेव्हा कळलं की हसतायत. डोळे पुसत म्हणाल्या, "वाचणार तूच. सेल यापुढे मी आणणार. आता भूगोल काढ."

बाकीच्या दहा कॅसेटींत पाच तक्रारी होत्या, ओरडण्याच्याच.

दहावी सुटली. भूगोल दुसऱ्या खेपेला. अजून बाईंसाठी माझ्या हातून काहीच झालेलं नाही, आणि ते मला खातं. पण एक दिवस मी नवे सेल घेऊन त्यांच्या दारात उभा राहणार आहे, आणि कन्या राशीचं वर्षभराचं भविष्य, एकही ओळ न गाळता, हळू आवाजात त्यांच्यासाठी कॅसेटवर भरणार आहे. काही वाईट छापलेलं असेल, तर तेवढं उन्हातल्या सेलांवर वाचीन.